घामट हातासाठी घडीचा चाकू कसा निवडायचा? पोलादाचं नाव सगळ्यात शेवटी बघा

पॅकिंग टेबलच्या व्हिडिओत चाकूवर मी जेमतेम दोन मिनिटं बोललो आणि पुढे गेलो. ते चुकलंच. कारण आमच्या दुकानात आजवर सगळ्यात महाग पडलेली वस्तू एक १८० रुपयांचा चाकू आहे. आज फक्त त्यावरच बोलू.

आमचं दुकान रत्नागिरीत. हार्डवेअर आणि पॅकिंगचं सामान. एप्रिल-मे मध्ये आंब्याच्या पेट्यांचं काम असतं, मागच्या शेडमध्ये चार-पाच जण सकाळी सातपासून सुतळी, प्लॅस्टिकची पट्टी, पुठ्ठा कापत असतात. वर पत्रा. पंखा असतो, पण पेंढा उडतो म्हणून बंद ठेवावा लागतो. दहा वाजेपर्यंत प्रत्येकाचा हात कोपरापासून बोटापर्यंत भिजलेला.

तीन वर्षांपूर्वी मी सीझनच्या आधी सहा घडीचे चाकू आणले. चकचकीत स्टीलची मूठ, एकदम देखणे, १८० ला एक. म्हणजे १,०८० रुपयांत विषय संपला असं मला वाटलं. तिसऱ्या आठवड्यात आमच्याकडचा एक मुलगा घट्ट आवळलेली पट्टी कापायला चाकूचं टोक आत घालत होता. पट्टी अडली, त्याने जोर लावला, चाकू जागेवरच राहिला आणि हात मुठीवरून पुढे घसरून पात्यावर गेला. दोन बोटं. "शेठ, चाकू सटकला" एवढंच म्हणाला. खरं म्हणजे चाकू सटकलाच नव्हता, हात सटकला होता. हा फरक नीट लक्षात घ्या, पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

टाके, धनुर्वाताचं इंजेक्शन, औषधं मिळून २,६०० रुपये. नऊ दिवस तो घरी, त्याचा पगार मी दिला, ५०० प्रमाणे ४,५००. भर सीझनला बदली माणूस ७०० रोजाने, त्याचे ६,३००. एकूण १३,४००. हे फक्त पैशांचं झालं. त्याची करंगळी अजून पूर्ण वळत नाही. ती कुठल्या खात्यात लिहायची ते मला बीबीएला कोणी शिकवलं नाही.

आता मूळ प्रश्न. चाकू घ्यायचा म्हटलं की आपण काय करतो? ऑनलाइन जातो, पोलादाचं नाव वाचतो, फोटो बघतो, ऑर्डर देतो. घामाच्या कामात हा क्रम उलटा आहे. आधी मूठ, मग लॉक, मग साफ किती सहज होतो ते, आणि शेवटी पोलाद.

पण त्याच्याही आधी एक प्रश्न स्वतःला विचारा. तुम्हाला घडीचा चाकू खरंच हवाय का? नुसते खोके उघडायचे आणि टेप कापायची असेल तर साधा १८ मिलिमीटरचा तोडपात्याचा कटर घ्या. १९५६ मध्ये जपानमध्ये ओल्फाच्या योशिओ ओकादा यांनी तो काढला. चॉकलेटच्या वडीसारखं टोक मोडायचं, नवीन धार पुढे. पातं गंजतं, पण गंजेपर्यंत तुम्ही ते मोडून टाकलेलं असतं. आमच्या काउंटरवर आजही कटरच आहे. मात्र त्याचं पातं पातळ. सुतळीचा जाड पीळ, नारळाच्या काथ्याची दोरी, आवळलेली पट्टी, बांबूची कामटी, रबरी पाइप अशा कामात ते वाकतं आणि तुकडा उडतो. तिथे जाड पात्याचा घडीचा चाकू लागतो. आणि लोखंडी पट्टी असेल तर कुठलाच चाकू नाही, पत्र्याची कात्री घ्या.

मूठ

चकचकीत स्टीलची मूठ घामात सगळ्यात वाईट. ॲल्युमिनियमची गुळगुळीत मूठ जवळपास तशीच, वर उन्हात ठेवली की चटका देते. लाकडाची मूठ हाताला छान लागते, कोरड्या हवेत मला स्वतःला आवडते, पण आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि पातं खाचेत आवळून बसतं. ओपिनेल नावाचा फ्रेंच चाकू आहे, १८९० पासूनचा, सुंदर वस्तू. त्याच्या लाकडी मुठीची हीच ख्याती आहे. जुलैत कोकणात तो उघडायला दोन्ही हात आणि थोडी देवाची आठवण लागते.

काचतंतू घातलेलं प्लॅस्टिक, ज्याच्यावर खवले किंवा चौकटी पाडलेल्या असतात, ती मूठ स्वस्तात सगळ्यात कामाची. गंजत नाही, फुगत नाही, साबणाने धुता येते. जी-१० म्हणजे काचेचं कापड आणि इपॉक्सीचे दाबलेले थर. ते आणखी मजबूत, पण फार खरबरीत असेल तर दिवसभरात तळहात सोलतो. मायकार्टा म्हणजे सुती कापड किंवा तागाचे थर राळेत बसवलेले. त्याची गंमत अशी की ओलं झालं की पकड वाढते. महाग असतं. आणि वरून मऊ रबर चढवलेली मूठ दुकानात हातात घेतल्यावर सगळ्यांना भुरळ घालते, पण घाम, तेल आणि उष्णता मिळून वर्ष-दोन वर्षांत ती बऱ्याचदा चिकट होते. मी ती घेत नाही.

पण मटेरिअलपेक्षा आकार मोठा. मुठीच्या पुढच्या टोकाला, पातं सुरू होतं तिथे, तर्जनी अडेल असा उंचवटा किंवा खोल खाच आहे का? आमच्या त्या १८० च्या चाकूला काहीच नव्हतं, मूठ सरळ नळीसारखी. उंचवटा असता तर हात तिथे थांबला असता. दुसरं, चारही बोटं मुठीवर मावली पाहिजेत. तीन बोटांची छोटी मूठ किल्ल्यांच्या जुडग्याला ठीक, कामाला नाही.

परीक्षा सोपी आहे. पात्याच्या धारेवर जाड टेपचे तीन-चार वेढे द्या. हात साबणाच्या पाण्यात बुडवा. चाकूचं टोक लाकडी फळीला टेकवून हळूहळू जोर लावा. हात पुढे सरकतोय असं वाटलं की तो चाकू परत. कोरड्या हाताने एसी शोरूममध्ये सगळेच चाकू चांगले वाटतात.

एक बागायतदार काका मला म्हणाले, एवढं काय, सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळ मुठीला. कोयतीला ते आपण करतोच आणि उत्तम चालतं. घडीच्या चाकूला चालत नाही, कारण मुठीच्या ज्या खाचेत पातं जातं तीच पट्टीखाली बंद होते.

लॉक

लॉक नसलेला घडीचा चाकू म्हणजे फक्त स्प्रिंगच्या दाबावर उभं असलेलं पातं. सफरचंद कापायला चालतं. टोक खुपसायच्या कामात पातं उलटं मिटू शकतं, आणि मिटतं ते तुमच्या बोटांवरच. म्हणून कामाच्या चाकूला लॉक हवाच.

बाजारात जास्त दिसतो तो लायनर लॉक. मुठीच्या आतली पातळ पट्टी सरकून पात्याच्या मागे अडते. चांगला बनवलेला असेल तर ठीक, पण बंद करताना अंगठा पात्याच्या वाटेत ठेवावा लागतो, आणि घामाने अंगठा घसरतो. पट्टी आत असल्यामुळे तिथे घाम आणि पेंढ्याचा भुगाही साठतो. पाठीवरचा लॉक, ज्यात मुठीच्या मागच्या बाजूला दाबायची खाच असते, तो मला ओल्या हातासाठी बरा वाटतो, कारण सोडताना बोटं धारेच्या समोर येत नाहीत. मात्र बंद करताना घाई नको. ओपिनेलसारखी फिरवायची कडी सगळ्यात साधी आणि भक्कम, पण दोन हात लागतात.

लॉक तपासताना चाकू उघडा, टेप लावलेलीच असू द्या, बोटं बाजूला घ्या आणि पात्याची पाठ टेबलाच्या कडेवर हळू दाबा. आपटू नका, दाबा. जरा जरी मिटायला लागला तर नको. मग ओल्या हाताने वीस वेळा उघड-बंद करा. नखाने उघडायची खाच असेल तर घामाने मऊ झालेलं नख घसरतं. पात्याला भोक किंवा बाजूला अंगठ्याची खुंटी असेल तर ओल्या हातानेही जमतं.

गंज आणि पोलादाची नावं

घाम म्हणजे मीठ, पाणी आणि थोडी आंबटाई. स्टेनलेस म्हणजे ज्यात किमान १०.५ टक्के क्रोमियम आहे असं पोलाद. क्रोमियमचा एक अदृश्य पापुद्रा वर तयार होतो आणि गंज थांबवतो. मिठातलं क्लोराइड हा पापुद्रा जागोजागी फोडतं, म्हणून स्टेनलेसवरसुद्धा टाचणीएवढे तपकिरी ठिपके पडतात. सगळ्यात आधी ते बिजागरीत आणि स्क्रूखाली पडतात, जिथे हवा लागत नाही आणि ओल सुटत नाही.

इथे आपल्या राज्यात दोन वेगळे उन्हाळे आहेत. चंद्रपूरला पारा ४५ च्या वर जातो, पण घाम लगेच सुकतो. चाकूवर मिठाचा पांढरा थर राहतो आणि तो तसाच पडून असतो. रत्नागिरीत पारा ३३-३४, पण घाम सुकतच नाही. आता विदर्भातल्या मित्रांना वाटेल आपण सुटलो. नाही. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, तेच. मे महिन्यात न पुसलेला चाकू जुलैत गंजतो, आणि आपण दोष पावसाला देतो.

आता नावं. ४२०जे२ मध्ये कार्बन साधारण ०.३ टक्के आणि क्रोमियम १३ च्या आसपास. गंज कमी, पण धार लवकर जाते. धार सारखी लावायची तयारी असेल तर घामाच्या कामाला हे काही वाईट नाही, लोक उगाच नाकं मुरडतात. ८सीआर१३एमओव्ही हे चिनी पोलाद, कार्बन ०.८ टक्क्याच्या आसपास, मध्यम किमतीत बरंच दिसतं. धार बरी टिकते, रोज पुसलं तर चालतं. १४सी२८एन हे स्वीडिश, १४ टक्के क्रोमियम आणि थोडा नायट्रोजन. मध्यम बजेटमध्ये आपल्या हवेसाठी माझी पहिली पसंती. एलसी२००एन तर कार्बनच्या जागी बराच नायट्रोजन वापरतं आणि खाऱ्या पाण्यातही टिकतं, पण किंमत ऐकून पॅकिंगच्या शेडमध्ये द्यायची हिंमत होत नाही.

आणि डी२. ऑनलाइन सगळीकडे डी२. त्यात क्रोमियम साधारण १२ टक्के आहे, म्हणून विकणारे बिनधास्त स्टेनलेस लिहितात. पण त्यात कार्बन दीड टक्का आहे. तो कार्बन बऱ्याच क्रोमियमला धरून कडक कण बनवतो. त्यामुळे धार खूप टिकते, पण पापुद्र्यासाठी मोकळं क्रोमियम कमी उरतं. कोरड्या गोदामात उत्तम. घामट खिशात दोन दिवसांत ठिपके. काळा मुलामा दिलेला असला तरी धारेवर मुलामा नसतो, ती उघडीच असते.

चुंबकाची परीक्षा करणारेही खूप भेटतात. "चुंबक चिकटला, म्हणजे स्टेनलेस नाही." हे भांड्यांना बऱ्यापैकी लागू पडतं, चाकूला नाही. ताट-वाटीचं जे स्टील चुंबकाला चिकटत नाही ते तापवून-विझवून कडक होत नाही, म्हणून त्याला धार टिकत नाही. चाकूचं स्टेनलेस पोलाद साधारणपणे चुंबकाला चिकटतंच.

पात्यावर छापलेलं नाव खरं असेलच असंही नाही. म्हणून दहा चाकू घ्यायचे असतील तर आधी एक घ्या. कापसाचा बोळा मिठाच्या पाण्यात भिजवून पात्यावर आणि एका स्क्रूवर रात्रभर ठेवा. सकाळी धुऊन बघा. पातं स्वच्छ आणि स्क्रू लाल झालेला बऱ्याचदा दिसेल, कारण खर्च तिथेच वाचवलेला असतो. मग ठरवा. एका नगाचे पैसे गेले तरी चालतील, दहा नग गळ्यात पडता कामा नयेत. मी सहा एकदम घेतले होते, ते वर सांगितलंच.

बाकी छोट्या गोष्टी पटकन सांगतो. पातं तीन इंच पुरे. टोक अणकुचीदार नको, पाठ खाली वळून धारेला मिळते तसं बोथट टोक घ्या, शेजारच्या माणसाला लागत नाही. दातेरी धार दोरीला छान, पण निसण्यावर लावता येत नाही, त्यामुळे साधीच बरी. रंग भडक घ्या, नारिंगी किंवा पिवळा. आमचा काळ्या मुठीचा एक चाकू पेंढ्यात हरवला आणि पेटीतून थेट वाशी मार्केटला गेला. नशीब, तिथल्या व्यापाऱ्याने फोन करून हसत सांगितलं.

संध्याकाळची पाच मिनिटं

काम संपल्यावर गोड्या पाण्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकून चाकू उघडा ठेवून धुवायचा, बिजागरीत ब्रश फिरवायचा, फडक्याने पुसून पंख्याखाली ठेवायचा. मग बिजागरीत एक थेंब शिलाई मशीनचं तेल. फळं-भाजी कापायचा असेल तर औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन. खोबरेल नको, ते काही दिवसांनी खवट होतं, थंडीत थिजतं आणि बिजागरीत धूळ धरून ठेवतं. चाकू पँटच्या खिशात मांडीला चिकटून ठेवू नका, तिथे तो दिवसभर घामातच असतो. चामड्याच्या कव्हरात रात्रभर तर मुळीच नको, चामडं ओल धरतं. आमच्याकडे भिंतीला खुंट्या आहेत, प्रत्येकावर नंबर. संध्याकाळी खुंटी रिकामी दिसली की शोध सुरू.

हे करून घेणं हाच खरा त्रास आहे. मी पहिल्या वर्षी सांगून थकलो. मग कामाची वेळ पाच मिनिटं आधी संपवली आणि ती पाच मिनिटं चाकू धुण्याची, पगारातली. तेव्हापासून होतं.

आज आमच्या शेडमध्ये दोन चांगले घडीचे चाकू आहेत, १,४०० चे, आणि चार कटर, ६० चे. एकूण ३,०४०. प्रत्येकाला महाग चाकू द्यायची गरज नाही. पट्टी आणि जाड दोरी कापायचं काम दोघांकडेच ठेवलंय आणि ते दोघे डाव्या हातात कापरोधक मोजा घालतात. उजव्या हातात घालत नाहीत. उकाड्यात दोन्ही हातात घाला म्हटलं की दोन्हीही काढून ठेवतात, हे मी बघितलंय.

कायद्याचं थोडं. शस्त्र कायदा १९५९ खालच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं शस्त्रांच्या यादीत येतात, घरगुती, शेती, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली सोडून. तीन इंची कामाचा चाकू त्या मापाच्या खूप आत आहे. तरी बटण दाबून स्प्रिंगने उघडणारा चाकू घेऊही नका, दुकानात ठेवूही नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जिल्ह्यात मनाई आदेश निघतो, त्या काळात चाकू बाळगून फिरायलाही बंदी असू शकते. सण, निवडणूक, मोर्चाच्या दिवसांत तो निघतो आणि पेपरात येतो. म्हणून आमचा नियम, चाकू शेडमधून बाहेर जात नाही. डिलिव्हरीच्या पोराकडे तर नाहीच. विमानाने जाताना हातातल्या बॅगेतून काढायला विसरू नका, मी एक असाच घालवलाय.

धार कशी लावायची ते पुढच्या व्हिडिओत. बाजारातून निसणा आणून ठेवा, एक बाजू खरखरीत आणि एक बारीक असलेला. आणि तुमच्याकडचा सगळ्यात बोथट चाकू घेऊन बसा, नवीन नको.